अबरीवरची सोनेरी रेघ दर वर्षी सुटायची, शेवटी दोष सापडला तो कागदात

अबरीचा कागद करून त्यावर पुढचं काम करणाऱ्यांसाठी हे लिहितेय, म्हणजे कटिंग चिकटवणं, पोस्टर कलरनी जाळी काढणं, वर्ख लावणं वगैरे, आणि नेमकं तेव्हाच खालचा रंग पापुद्र्यासारखा निघून येतो असं ज्यांचं होऊन राहिलंय त्यांच्यासाठी. माझं हे २०१९ पासून चालू होतं. एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी जास्त, पण दर वर्षी. मी रंग बदलले, गम बदलला, ट्रे बदलला, आणि कारण तिसरीकडेच होतं.

मार्बलिंगला, म्हणजे चिकट पाण्यावर तरंगवलेला रंग कागदावर उतरवण्याला, आमच्या घरी अबरीच म्हणतात. बाबांचं नागपूरच्या महाल भागात बाइंडिंगचं दुकान होतं, जुन्या खातेवह्यांच्या पुठ्ठ्याला आतून जो ढगाळ ढगाळ कागद लावायचे ती अबरी. फारसीत अब्र म्हणजे ढग, त्यावरून. तुर्कस्तानात ह्यालाच एब्रू म्हणतात आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत ते गेलं, पण आपल्या दख्खनमध्येही ही कला होती, सतराव्या शतकात विजापूरकडचे चित्रकार अख्खी चित्रं अबरीत करायचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एका हडकुळ्या घोड्याचं आणि स्वाराचं चित्र आहे त्यातलं, बघून घ्या कुठे मिळालं तर. चित्राच्या काही भागात अबरी आहे आणि काही भागात नाही, म्हणजे अबरी कुठे येऊ द्यायची आणि कुठे अडवायची हे त्या लोकांना चांगलं माहीत होतं.

मी जे करते ते पाच पॅनलचा सेट असतो, पाच वेळच्या नमाजचा. माझी शाळेपासूनची मैत्रीण मोमिनपुऱ्यात राहते, तिच्या अम्मीला मी खाला म्हणते, आणि खालांच्या जानमाजवर, म्हणजे नमाजच्या चटईवर, मेहराबची जी कमान विणलेली आहे ती बघूनच हे सुचलं. प्रत्येक पॅनलवर खाली अबरी, त्या त्या वेळच्या आभाळाच्या रंगाची. पहाटेच्या फजरची निळसर राखाडी, दुपारच्या जोहरची जवळजवळ पांढरी, तिसऱ्या प्रहरच्या असरची मुरमाड पिवळी, सूर्यास्ताच्या मगरिबची लालसर जांभळी आणि रात्रीच्या इशाची गडद निळी. त्यावर मेहराबची नुसती कमान, मधून अबरी दिसेल अशी, कडेला कंपास-पट्टीने काढलेली आठ टोकांच्या ताऱ्याची जाळी, आणि मेहराबच्या आत अबरीवर सोनेरी वर्खाच्या आडव्या रेघा, जितक्या फर्ज रकात, म्हणजे त्या नमाजच्या सक्तीच्या आवृत्त्या, तितक्या रेघा. फजरच्या २, जोहरच्या ४, असरच्या ४, मगरिबच्या ३, इशाच्या ४. सगळ्या मिळून १७. चेहरा नाही, आकृती नाही, कुराणातली आयतही लिहीत नाही मी. अक्षरं नकोत हे मी आणि खालांनी मिळूनच ठरवलं, कारण अल्लाहचं नाव असलेला कागद बिघडला तर तो कचऱ्यात टाकता येत नाही, वेगळा जपून ठेवावा लागतो आणि मग पाण्यात सोडायचा किंवा स्वच्छ जागी पुरायचा असतो, आणि माझे तर तेव्हा दहातले सहा कागद बिघडत होते.

पहिला सेट २०१९ चा. त्या वर्षी ७ मेला रमजान सुरू झाला, नागपुरातला मे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. सेट फ्रेम करून खालांकडे नेला, त्यांनी चष्मा लावून एकेक पॅनल बघितलं आणि मगरिबच्या पॅनलवर येऊन थांबल्या, बोट ठेवून रेघा मोजल्या आणि म्हणाल्या, "बेटी, मगरिब की तो तीन होती है." दोनच होत्या. तिसरी रेघ काचेच्या आत सुटून खाली फ्रेमच्या कडेला पडलेली होती, गुंडाळी होऊन. दुसरं काही निघालं असतं, जाळीचा तारा वगैरे, तर मी दुरुस्त करून दिलं असतं, पण इथे रेघ पडली की मोजणीच चुकते, चित्र खोटं बोलायला लागतं. मला त्या रात्री झोप नाही आली खरंच.

आता जे महत्त्वाचं आहे ते. सुटलेला तुकडा फेकू नका, चिमट्याने उचला आणि उलटा करून बघा. हे मी पहिल्याच वर्षी केलं असतं तर पुढची वर्षं वाचली असती. माझ्या त्या रेघेच्या पाठीला जांभळा रंग चिकटलेला होता, अबरीची नक्षी सुद्धा उलटी दिसत होती त्यावर, आणि कागदावर जिथून ती सुटली तिथे पांढरी पट्टी. म्हणजे सोनं रंगाला घट्ट धरून होतं. रंगच कागदाला धरून नव्हता. पाठ जर स्वच्छ सोनेरी निघाली असती, रंग खाली कागदावर शाबूत, तर दोष वरच्या गमचा किंवा पृष्ठभागावर राहिलेल्या चिकट थराचा असता. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. मी न बघताच गमला दोष दिला आणि दोन वर्षं वेगवेगळे गम आणत बसले, सीताबर्डीतून आणले, ऑनलाइन मागवले, एकानेही फरक पडला नाही कारण पडणारच नव्हता.

रंग कागदाला धरतो तो तुरटीमुळे. अबरी करायच्या आधी कागदावर तुरटीचं पाणी स्पंजने फिरवतात, त्यातलं ॲल्युमिनियम रंगाला पकडून ठेवतं, नाहीतर चिकट पाण्यावर तरंगणारा रंग कागदावर नुसता टेकतो आणि धुतला की वाहून जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, आणि मी तुरटी लावतही होते. म्हणूनच माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते वेगळ्याच दोन गोष्टींमुळे.

एक म्हणजे खालांचा बधना. वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला, त्यांच्याकडे जुना तांब्याचा बधना आहे, तोटीवाला, आणि त्याच्या तोंडाशी पांढरा थर बसलेला असतो, चिंचेने घासला तरी पंधरा दिवसांत परत. त्यांच्याकडे बोअरचं पाणी आणि माझ्याकडेही बोअरचंच. मी म्हटलं अरे, हेच पाणी तर मी बाथला वापरते, बाथ म्हणजे ट्रेमधलं ते घट्टसर चिकट पाणी ज्यावर रंग सोडतात. घरी येऊन बोअरच्या पाण्यात तुरटी विरघळवली तर पाणी दुधाळ झालं आणि तासाभराने तळाला कापसासारखा गाळ बसला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती खाली बसते ना, तेच हे, पाण्यातल्या क्षाराशी तुरटीची क्रिया होऊन गाळ होतो. म्हणजे थोडी तुरटी कागदापर्यंत पोचायच्या आधीच संपत होती. आरओचं पाणी घेतलं तर द्रावण स्वच्छ राहिलं आणि रंगाच्या कडा काटेरी व्हायच्या त्याही गोल यायला लागल्या, बाथला फार फायदा झाला. पण खरं सांगते, रंग सुटायचा थांबला नाही. कमी झाला फक्त. एवढ्या तुरटीत थोडी वाया गेली म्हणून पूर्ण कागद फेल होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाबांच्या दुकानातले उरलेले कागद. दुकान बंद झालं तेव्हा जुन्या खातेवहीच्या कागदाचा एक गठ्ठा घरी आणला होता, पिवळा पडलेला, कडा मोडणारा. बाथ तयार झाला की पहिले दोनतीन कागद ट्रायलचे काढावे लागतात, त्यासाठी तो वापरायचा म्हणून घेतला, आणि एकाला तुरटी लावायची राहूनच गेली होती. नळाखाली धरला, रंग जागचा हलला नाही. बोटाने चोळला, तरी नाही. आणि शेजारी माझा महागातला कागद, त्यावर ॲसिड फ्री असं लिहिलेलं, कॉटनचा, दोनदा तुरटी लावलेला, त्यावरून पाण्याबरोबर निळा रंग सायीसारखा घसरत खाली येत होता.

मग वाचलं, बाइंडरकाकांना विचारलं, आणि तेव्हा उलगडलं. जुना वह्यांचा कागद बनवतानाच त्यात राळ आणि तुरटी घालायचे, शाई पसरू नये म्हणून. म्हणजे त्याच्या अंगातच तुरटी आहे. म्हणूनच तो आंबट होतो, पिवळा पडतो आणि मोडतो. आणि आत्ताचा ॲसिड फ्री कागद पुढे आंबट होऊ नये म्हणून पुष्कळदा त्यात खडूची पूड घातलेली असते, कॅल्शियम कार्बोनेट. ती आंबटपणा खाऊन टाकते, आणि तुरटी आंबट असते. मी वरून तुरटी लावत होते आणि कागद आतून ती मारून टाकत होता. कागद चित्रासाठी चांगलाच होता, अबरीसाठी तो चालणाराच नव्हता, आणि मी तो मुद्दाम निवडला होता कारण हे काम टिकावं, खालांच्या नातवंडांनी बघावं असं मनात होतं.

तर कागद कसा तपासायचा. कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून भिंगातून बघा, बारीक बुडबुडे उठले तर खडू आहे. पण प्रत्येक वेळी ते दिसतातच असं नाही, म्हणून खरी टेस्ट पट्टीची. कागदाची तीन बोटं रुंद पट्टी कापायची, अर्ध्या भागाला तुरटी, अर्धा कोरा, मध्ये पेन्सिलने रेघ, वाळू द्यायची, अबरीत टेकवायची, धुवायची, आणि पूर्ण वाळल्यावर ओल्या कापसाने दहा वेळा हलकं पुसायचं. तुरटीचा भाग तसाच राहिला आणि कोरा पुसला गेला तर कागद चांगला. दोन्ही पुसले गेले तर कागद बाद, कितीही सुंदर असला तरी. दुकानात विचारताना ॲसिड फ्री आहे का असं विचारू नका, त्यात खडू किंवा बफर घातलाय का असं विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर एकच शीट आणा आणि टेस्ट करा, गठ्ठा घेऊ नका. मी आता खडू नसलेला कापसाचा हातकागद वापरते. बाबांचा जुना कागद फक्त ट्रायलला, तो मोडतो म्हणून.

आता तुरटी लावायची पद्धत, कारण कागद बरोबर मिळाला तरी नागपूरच्या हवेत हिच्यात घोळ होतो. अर्धा लिटर कोमट आरओ पाण्यात ३० ग्रॅम तुरटीची पूड, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची, काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात. स्पंज ओला पण न गळणारा, एकदा आडवा आणि एकदा उभा, कुठेही कोरडी जागा राहता कामा नये, राहिली की तिथे नंतर फिकट पट्टा येतो आणि तो पट्टा स्पंजच्या रुंदीचा असतो, त्यावरूनच ओळखू येतं. लावलेली बाजू कुठली हे मागे पेन्सिलने लिहून ठेवा, वाळल्यावर अजिबात कळत नाही.

मी काय करायची तर तुरटी लावून कागद कूलरसमोर दोरीवर टांगायची. लवकर वाळतो म्हणून. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटांत कडकडीत. पण इतक्या झपाट्याने वाळला की पाणी कडांकडे ओढलं जातं, तुरटी पण तिकडेच जाते, कडेला बारीक खडे चमकतात आणि मधला भाग उपाशी राहतो. मेहराब कुठे असते, मध्येच. म्हणून कडेची जाळी शाबूत आणि मधल्या रेघा सुटायच्या, हे कोडं मला कितीतरी दिवस सुटलं नव्हतं. आता संध्याकाळी ऊन उतरल्यावर तुरटी लावते, पंखा-कूलर बंद, कागद आडवे ठेवून थोडे सुकले की एकमेकांवर रचून दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवते, वर खलबत्ता. सकाळी सपाट आणि जेमतेम कोरडे मिळतात, त्याच दिवशी वापरायचे. आठवडाभर ठेवून दिलेला तुरटीचा कागद वापरू नका, तो ठिसूळ होत जातो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी मला फार उशिरा कळली. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०१९ ला मेमध्ये होता, २०२५ ला २ मार्चपासून. मी सेट रमजानच्या आधी करते, म्हणजे माझा कामाचा महिना दर वर्षी सरकतो, आणि मी मात्र प्रमाण तेच धरून बसले होते जे पहिल्या वर्षी लिहून ठेवलं होतं. एका वर्षी ४३ डिग्रीत काम, काही वर्षांनी फेब्रुवारीच्या गारव्यात. मग दर वर्षी काहीतरी नवीनच बिघडल्यासारखं वाटायचं. खरं तर कागदाचा मूळ दोष तोच होता आणि त्यावर हवेचा दोष दर वर्षी वेगळा येऊन बसायचा, म्हणून मला धागा सापडत नव्हता. तुमचंही कुठलं काम सणाला बांधलेलं असेल तर वहीत प्रमाणाबरोबर त्या दिवसाचं तापमान लिहा.

बाथचं थोडक्यात सांगते. कॅरागीनन, म्हणजे समुद्री शेवाळाची पाणी दाट करणारी पूड, लिटरला ५ ते ६ ग्रॅम, आरओच्या पाण्यात मिक्सरमधून काढून, निदान बारा तास ठेवायचं म्हणजे फेस बसतो. मेमध्ये हे बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पातळ होऊन आंबूस वास येतो, म्हणून फ्रीजमध्ये, आणि वापरायच्या दोनतीन तास आधी बाहेर काढायचं कारण बाथ गार आणि रंग गरम असं झालं की रंग धड पसरत नाही. दोन्ही एकाच खोलीच्या तापमानाला हवेत, २० ते २२ डिग्री उत्तम, आपल्याकडे उन्हाळ्यात ते पहाटेसुद्धा मिळत नाही पण त्यातल्या त्यात पहाटच बरी. मी फजरच्या अजानच्या सुमारास बसते, लांबून ऐकू येते आमच्या गच्चीवर, आणि नऊ वाजेपर्यंत आटपते. कोरड्या हवेत बाथवर साय धरते, प्रत्येक कागदाच्या आधी वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून ओढून ती काढा, नाहीतर रंग फाटल्यासारखा पसरतो. आणि कूलरचा वारा ट्रेवर येऊ देऊ नका, धूळ येते आणि जिथे कण पडतो तिथे डोळा पडतो.

कॅरागीनन नसेल तर गोंद कतीरा चालतो, इतवारीत किराण्यावाल्याकडे मिळतो, आपण उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतो तोच. तुर्की लोक बाथच्या डिंकाला कित्रे म्हणतात, शब्द तोच. पण आपल्याकडे कतीरा म्हणून जो मिळतो तो पुष्कळदा वेगळ्याच झाडाचा असतो, त्यामुळे दर खेपेला दाटपणा वेगळा येतो, दोन दिवस भिजवून फडक्यातून दोनदा गाळा आणि प्रमाण डोळ्याने ठरवा. जुन्या इराणी कृतीत मेथीदाण्याचं बुळबुळीत पाणीही आहे. मी करून बघितलं, छान तरंगतो रंग, पण घरभर चार दिवस मेथीचा वास राहिला.

रंग मी ॲक्रिलिकच घेते, पातळ करून दुधापेक्षा किंचित दाट. पारंपरिक एब्रूत रंग पसरावा म्हणून बैलाचं पित्त घालतात, मी ते वापरत नाही, भांडी धुण्याच्या लिक्विडचं एका वाटी पाण्यात केलेलं अगदी फिकट द्रावण, त्याचा रंगाच्या बाटलीत एखादा थेंब. जास्त झालं तर रंग इतका पसरतो की थर कागदासारखा पातळ होतो आणि मग त्यावरही काही टिकत नाही. शिंपडायला केरसुणीच्या काड्यांचा जुडगा. तुर्कस्तानात गुलाबाच्या काडीला घोड्याच्या शेपटीचे केस बांधतात, केरसुणीने तेवढं नाजूक येत नाही पण आभाळासाठी पुरतं.

आता मेहराबबद्दल. आधी मी संपूर्ण कागदावर अबरी करून वर हातकागदाची कापलेली मेहराबची कमान चिकटवायची. त्याने दोन थर, दोन धोके. आता मेहराबची जागा आधीच अडवून ठेवते. तुरटी वाळल्यावर डिंकाच्या दाट पाण्याने मेहराबच्या कमानीची नुसती पट्टी ब्रशने भरायची, वाळू द्यायची, मग कागद अबरीवर टेकवायचा, जिथे डिंक आहे तिथे रंग बसत नाही आणि धुताना डिंक विरघळून मेहराबची पांढरी कमान उमटून येते. ही युक्ती इस्तंबूलमधल्या उस्कुदारच्या नेजमेद्दीन ओक्याय ह्यांची, १८८३ ते १९७६, मोठे खुशनवीस, म्हणजे सुलेखनकार, होते, ते डिंकाने अक्षरं लिहून अशी अबरीत अक्षरं उमटवायचे. त्यांच्याही आधी इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीचे एक खतीब होते, मेहमेद एफेंदी, १७७३ मध्ये वारले, ते रंगाच्या थेंबात थेंब टाकून सुईने फिरवून फुलासारखी नक्षी करायचे आणि ती आजही खतीबाच्या नावाने, हातिप एब्रू म्हणून, ओळखली जाते. जुम्म्याचा खुत्बा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, देणारा माणूस आणि हाताला रंग, हे मला फार आवडतं. खालांना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, खरंच मशिदीचे खतीब होते का म्हणून.

डिंक लावताना एकच, तुरटी आधी, डिंक नंतर. उलट केलंत तर स्पंजने डिंक विरघळून सगळीकडे पसरतो आणि पांढरे ढग पडतात.

धुण्यात घाई नको. मी आधी थेट नळाची धार सोडायची. आता कागद तिरप्या फळीवर ठेवून वरून मगाने हळू पाणी सोडते, बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत, बोट लावून बघा, चिकट पाण्याचा अंश राहिला तर तो वाळून काचेसारखा पातळ थर होतो आणि पुढचं सगळं त्या थरावर बसतं. त्याच्यासकट सुटतं मग. हा तो दुसरा प्रकार, ज्यात तुकड्याची पाठ स्वच्छ निघते. तसं असेल तर कागद-तुरटीच्या मागे लागू नका, नीट धुवा एवढंच.

मग सावलीत वाळवून तीनचार दिवस काहीही न करता ठेवा, मेमध्ये वरून कडक वाटला तरी. त्यानंतर मागून, मध्ये सुती कापड ठेवून, मंद इस्त्री. मग ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे बिनरंगाचं ॲक्रिलिक, पाण्यात अर्धं पातळ करून एकच पातळ हात, आणि तोही वाळला की सोनं. उन्हाळ्यात ॲक्रिलिक किंचित चिकट राहतं, वर्ख नको तिथे चिकटतो, म्हणून रेघेचा गम लावायच्या आधी कागदावर साधी टाल्कम पावडर मऊ ब्रशने फिरवून झटकून घ्या. गम लावून तो बोटाला टिकटिक करेल इतका सुकला की वर्ख ठेवायचा, कापसाने दाबायचा, जादा झाडायचा.

जे चिकटवायचं असेल ते खळीने. मैद्याची खळ बाबा करायचे त्यात मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून, मी मोरचूद घालत नाही पण खळ तीच. खळ नेहमी चिकटवायच्या तुकड्याच्या पाठीला, अबरीवर कधीच नाही, आणि वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजन. फेव्हिकॉल सरळ लावला की कागद वळतो आणि कडेने फिकट वलय येतं.

पांढरे गोल ठिपके येत असतील तर ती हवा आहे, कागद टेकवताना एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे एका दमात सोडा, मध्ये थांबलात तर तिथे रेघ. त्याचा रंग सुटण्याशी काही संबंध नाही.

फ्रेमबद्दल एक, कारण कुणाला भेट देणार असाल तर उपयोगी पडेल. मी पहिला सेट समोरच्या भिंतीवर लावा म्हटलं होतं, पश्चिमेच्या. मक्का आणि आपलं नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर, दोन्ही २१ डिग्रीच्या थोडं वर, त्यामुळे आपल्याकडून किबला, म्हणजे नमाजची मक्केकडची दिशा, पश्चिमेच्या साधारण ८ अंशच उत्तरेकडे पडतो, मला वाटलं मेहराब त्याच भिंतीवर शोभेल. खालांनी समजावलं की नमाजच्या वेळी नजरेसमोर नक्षी नको, लक्ष जातं, बाजूच्या भिंतीवर लाव. मेहराबचं चित्र काढायला निघालेल्या माणसाला हे आधी विचारायला हवं होतं. आता सेट देताना मी आधीच विचारून घेते, कुठल्या भिंतीला लावणार.

नव्या कागदावरचा पहिला पूर्ण सेट झाला त्याची मी फ्रेम लगेच केली नाही. पाचही पॅनल गच्चीच्या खोलीत, जिथे दुपारी सगळ्यात जास्त तापतं, तिथे तीन आठवडे नुसते टांगून ठेवले आणि रोज संध्याकाळी रेघा मोजल्या. १७ च्या १७. मग ओल्या कापसाची टेस्ट मगरिबच्या तिसऱ्या रेघेच्या अगदी शेजारी केली, कापूस पांढराच राहिला. खालांकडचा २०१९ चा जुना पॅनल मी बदलून देते म्हटलं तर त्या नाही म्हणाल्या, त्यातली पडलेली रेघ फक्त नीट लावून दे म्हणाल्या. तो कागद खडूचाच आहे, परत सुटेल हे मला माहीत आहे, म्हणून ह्या वेळी वर्खाची रेघ नाही लावली. मागून कागदाला सुईने भोकं पाडून सोनेरी रेशमाचा टाका घातला, मेहराबच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि मागे गाठ मारली.